सर्व्हर बंद नाही, उत्तर धड नाही

रेशन दुकान असो, बँकेची शाखा असो की दाखले काढून देणारं केंद्र, खिडकीपलीकडून "सर्व्हर डाउन आहे" एवढं ऐकू आलं की माणूस मुकाट्यानं घरी जातो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी हे वाक्य घराघरांत ऐकू येतं. नागपुरात बर्डीवर तर्री पोह्याच्या गाडीपाशी पैसे पाठवताना मोबाइलवर गोल चक्र फिरत राहिलं, तरी तेच. मी याच सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहे, म्हणून सांगतो : यातल्या बऱ्याच वेळा सर्व्हर ठणठणीत असतो. त्यानं उत्तरही दिलेलं असतं. पण ते इतकं मोघम असतं की तुमच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपला त्यातून काही उमगत नाही. मग ते अ‍ॅप "काहीतरी चुकलं, नंतर प्रयत्न करा" असं ठोकून मोकळं होतं.

सर्व्हरनं उत्तर कसं द्यावं याचे नियम आहेत. ते जुने आहेत, फुकट आहेत आणि कुणालाही वाचता येतात. तरी मोठमोठ्या कंपन्यांपासून गायत्रीनगरच्या आयटी पार्कातल्या पाच माणसांच्या ऑफिसापर्यंत ते सर्रास मोडले जातात. त्याची झळ शेवटी खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाला बसते.

## आधी एपीआय म्हणजे काय ते बघू

तुमच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपला स्वतःचं असं फारसं काही ठाऊक नसतं. खात्यात किती पैसे आहेत, तिकीट निघालं का, किती टक्के पडले, ही माहिती दूर कुठल्यातरी संगणकावर असते. तो सर्व्हर. अ‍ॅप विचारतं, सर्व्हर सांगतो. विचारायचं कसं आणि सांगायचं कसं याची जी ठरलेली पद्धत असते, ती एपीआय. सर्व्हर जे परत पाठवतो त्याला आम्ही रिस्पॉन्स म्हणतो; इथं उत्तर म्हटलं तरी चालेल.

वेबसाइट माणूस वाचतो आणि माणूस सांभाळून घेतो. पानावर "माहिती उपलब्द नाही" असं चुकीचं लिहिलेलं असलं तरी आपलं अडत नाही. एपीआयचं उत्तर मात्र दुसरा प्रोग्राम वाचतो. त्याला जेवढं शिकवलंय तेवढंच कळतं. काल "नाव" या शीर्षकाखाली आलेली गोष्ट आज "पूर्ण नाव" म्हणून आली, तर त्याच्या लेखी नाव आलेलंच नाही.

शिवाय एका बटणामागे एकच सर्व्हर नसतो. झिरो माइलहून खापरीचं मेट्रोचं तिकीट फोनवर काढून यूपीआयनं पैसे दिले, तर तिकिटाचं अ‍ॅप, पेमेंट कंपनी, मधली यूपीआयची यंत्रणा, तुमची बँक आणि समोरची बँक असे सगळे सर्व्हर एकमेकांना विचारत बसतात. कंपन्या वेगळ्या, गावं वेगळी, लिहिणारे वेगळे. एकानं मोघम उत्तर दिलं की पुढचा ते आणखी मोघम करून पुढे ढकलतो.

मजकूर पाठवायला आज बहुतेक सगळे जेसन ही मांडणी वापरतात. दोन हजारच्या दशकाच्या सुरुवातीला डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती लोकांपुढे आणली. आज लागू असलेला तिचा नियम २०१७ च्या आरएफसी ८२५९ मध्ये आहे. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहून ठेवले जातात ते. पण जेसन फक्त व्याकरण सांगतं : अवतरणचिन्ह कुठं, स्वल्पविराम कुठं, कंस कधी मिटायचा. कशाला काय नाव द्यायचं, चूक झाली तर काय लिहायचं, हे ते सांगत नाही. ते ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि ज्यानं त्यानं ते आपापल्या मर्जीनं ठरवलं. एकाच कंपनीच्या दोन मजल्यांवर दोन तऱ्हा असतात, मग पाच कंपन्यांचं काय सांगावं बाप्पा!

## पाकिटावरचा शेरा

परत आलेलं रजिस्टर्ड पत्र तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. पोस्टमननं पाकिटावरच शेरा मारलेला असतो : घर बंद, पत्ता अपुरा, घेण्यास नकार, सोडून गेले. पाकीट फोडायची कुणालाच गरज पडत नाही. टपालाची छाटणी करणारा शेरा बघून ते योग्य गठ्ठ्यात टाकतो. पाठवणाऱ्यालाही पुढे काय करायचं ते शेऱ्यावरूनच कळतं. घर बंद असेल तर पुन्हा पाठवा. पत्ता अपुरा असेल तर आधी पत्ता नीट करा. घेण्यास नकार असेल तर तेच पाकीट दहादा पाठवून काही होणार नाही, वकिलाला विचारा.

सर्व्हरच्या उत्तरालाही असं पाकीट असतं. वर तीन आकडी शेरा, आत मजकूर. या शेऱ्याला स्टेटस कोड म्हणतात. त्यातला पहिला आकडा सगळ्यात महत्त्वाचा. २ म्हणजे काम झालं. ३ म्हणजे दुसरीकडे बघा. ४ म्हणजे विचारणाऱ्याचं काहीतरी चुकलं. ५ म्हणजे सर्व्हरचं चुकलं. चूक कुणाची हे एका आकड्यात कळतं, आणि त्यावरूनच पुन्हा विचारण्यात अर्थ आहे की नाही ते ठरतं.

सुरुवातीला हे नव्हतं. १९९१ च्या पहिल्यावहिल्या वेबमध्ये स्टेटस कोड ही भानगडच नव्हती. काही बिघडलं तर सर्व्हर तसं लिहिलेलं एक पान पाठवायचा आणि माणूस ते वाचायचा. वाचणारा माणूसच होता, म्हणून ते चालून गेलं. पुढे तीन आकडी शेरे आले आणि १९९६ मध्ये आरएफसी १९४५ मध्ये त्यांची रीतसर नोंद झाली. कल्पना उसनी होती. ईमेल पोचवणाऱ्या यंत्रणेत १९८२ पासून असेच तीन आकडे वापरात होते : काम झालं तर २५०, तशी मेलबॉक्स मिळालीच नाही तर ५५०. सध्याचा एकत्रित नियम म्हणजे जून २०२२ चा आरएफसी ९११०. त्यात एक फार शहाणपणाची तरतूद आहे : तुम्हाला न कळणारा कोड आला तर निदान पहिला आकडा बघा आणि त्या गटातला साधा कोड समजून वागा. म्हणजे उद्या कुणी ४९९ असा नवा शेरा मारला, तरी जुन्या अ‍ॅपनं तो ४०० समजावा. चाळीस ओळींचा प्रोग्रामही एवढं करू शकतो.

सगळे कोड पाठ करायची गरज नाही. (त्यात ४१८ म्हणजे "मी चहाची किटली आहे" असाही एक आहे. १ एप्रिल १९९८ ला केलेली गंमत, पण अजून लोकांच्या तोंडी आहे.) पण दोन कोडांची गल्लत फार होते, म्हणून ते सांगतो. ४०१ म्हणजे "तू कोण ते आधी सांग." ४०३ म्हणजे "तू कोण ते कळलं, पण तुला परवानगी नाही." पहिल्यात पुन्हा लॉगिन केलं की काम होतं. दुसऱ्यात शंभर वेळा लॉगिन केलं तरी होत नाही. सर्व्हरनं ४०३ च्या जागी ४०१ पाठवला, की अ‍ॅप बिचारं दर वेळी ओटीपी मागत राहतं. आपण ओटीपी टाकत राहतो आणि नंबर बँकेला नीट जोडलाय ना, याची शंका घेत बसतो.

## "आमच्याकडे सगळं २००च असतं"

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो नागपुरातल्या निम्म्या बॅकएंडवाल्यांनी, म्हणजे सर्व्हरकडचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी, तरी कधी ना कधी घेतलेला असतो. बऱ्याच टीम काहीही झालं तरी पाकिटावर २००, म्हणजे "काम झालं" असा शेरा मारतात आणि आतल्या मजकुरात "स्टेटस : फेल" असं लिहितात. त्यांचं म्हणणं असं की अ‍ॅप आमचंच, सर्व्हर आमचाच, अ‍ॅप आतलं वाचतंच, मग बाहेरच्या आकड्याचं एवढं कौतुक कशाला?

कारण मध्ये बरेच जण असे आहेत जे पाकीट फोडतच नाहीत. एक म्हणजे कॅश. तेच उत्तर पुन्हा लागलं तर चटकन द्यावं म्हणून ते साठवून ठेवणारी ही व्यवस्था असते. २०० दिसला आणि साठवू नको असं कुणी सांगितलेलं नसलं, की कॅश ते बिनदिक्कत ठेवून घेते. समजा सर्व्हरला मिनिटभर ठसका लागला आणि त्यानं २०० च्या पाकिटात चूक पाठवली. मिनिटानं सर्व्हर बरा झाला. कॅश मात्र पुढचा तासभर तीच चूक प्रत्येकाला वाटत बसते. दुसरा म्हणजे मॉनिटरिंग, सर्व्हरच्या तब्येतीवर नजर ठेवणारा प्रोग्राम. तो ५ नं सुरू होणारे शेरे मोजतो. ते वाढले की रात्री दोन वाजता कुणाला तरी उठवतो. सगळंच २०० असेल तर त्याचा बोर्ड हिरवागार राहतो आणि इकडे माणसं रांगेत उभी. सर्च इंजिनचंही तसंच. पान नाही पण शेरा २००, या प्रकाराला "सॉफ्ट ४०४" असं नावच पडलंय, इतका तो बोकाळलाय.

या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. पाकिटावर "पोचलं" आणि आत "पोचलं नाही" ही सोय नव्हे, ती फसवणूक आहे. फसवायचा हेतू नसला तरी.

एक अपवाद मानायला हवा. फेसबुकनं २०१५ मध्ये खुलं केलेलं ग्राफक्यूएल ही एपीआयची वेगळी पद्धत आहे. त्यात एकाच विनंतीत अनेक प्रश्न विचारता येतात, आणि दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली पण तिसऱ्याचं बिघडलं, असं होऊ शकतं. एका शेऱ्यात ते बसत नाही. म्हणून तिथं अनेकदा बाहेर २०० आणि आत चुकांची वेगळी यादी असते. पण ती यादी कुठं आणि कशा रूपात येणार, हे त्यांनी लिहून ठरवलंय. "ग्राफक्यूएलमध्ये चालतं, मग आम्हीही करतो" म्हणणारे नेमकं हे विसरतात.

## संत्र्याचा भाव शून्य

आता पाकीट फोडून आत बघू. समजा एका पोरानं कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे भाव दाखवणारं छोटंसं अ‍ॅप केलं. काटोल-वरुडकडचा शेतकरी सकाळी फोन बघेल आणि गाडी आज भरायची की उद्या ते ठरवेल. माहिती तीन ठिकाणांहून येते, म्हणजे तीन एपीआय. पहिला भाव नुसता आकडा म्हणून पाठवतो : ३२००. दुसरा तोच मजकूर म्हणून पाठवतो, स्वल्पविरामासकट : "३,२००". तिसरा "रु. ३२००/-" असा, किराणा पावतीवर लिहितात तसा. माणसाला तिन्ही सारखेच. प्रोग्रामला पहिला आकडा आहे, बाकीचे दोन नुसती अक्षरं आहेत. त्यांची बेरीज, सरासरी किंवा तुलना करता येत नाही. त्यात कुणी भाव टनावर सांगतो, कुणी क्विंटलवर. एकक लिहिलं नसेल तर एका आकड्यात दहा पटींचा फरक लपलेला असतो.

खरी गंमत त्या दिवशी होते, ज्या दिवशी लिलावच नसतो. पहिला एपीआय रिकामी यादी पाठवतो. दुसरा नल पाठवतो, म्हणजे "ही जागा आहे, पण त्यात काही नाही." तिसऱ्याकडे रिकामं ठेवायची सोयच नाही, म्हणून तो शून्य पाठवतो. पोरानं अ‍ॅपमध्ये शून्याचा वेगळा विचार केलेला नाही. तो का करेल? सकाळी सहा वाजता शेतकऱ्याच्या फोनवर झळकतं : संत्रा, आजचा भाव ० रुपये.

यात अ‍ॅपवाल्या पोराला झोडपण्यात अर्थ नाही. उत्तर देणाऱ्यानं चार वेगळ्या गोष्टी वेगळ्या सांगायला हव्या होत्या. असा बाजारच आमच्याकडे नाही, तर ४०४. बाजार आहे पण आज आवक नाही, तर २०० आणि रिकामी यादी. कारण प्रश्न बरोबर होता आणि "काही नाही" हे त्याचं खरं उत्तर आहे. आवक आहे पण भावाची नोंद अजून व्हायचीय, तर भावाच्या जागी नल. आणि शून्य म्हणजे खरोखर शून्य, जे संत्र्याच्या बाबतीत होऊ नये. रिकामी यादी, नल, शून्य आणि ती जागाच नसणं, यांतला फरक टीमनं एकदा कागदावर लिहून ठेवला तर पुढची कितीतरी भांडणं वाचतात. मी पाहिलेल्या बऱ्याच एपीआयच्या कागदपत्रांत यावर एक ओळही नसते.

आकड्यांचे आणखी दोन सापळे आहेत, ते पटकन सांगतो. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत दशांश ज्या पद्धतीनं साठवतात, तीत ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३०००००००००००००००४ येतं. म्हणून पैशांचा व्यवहार पूर्ण आकड्यात करावा. १४९ रुपये ५० पैसे असतील तर १४९५० पैसे असं पाठवावं. पेमेंटवाल्या बऱ्याच एपीआय असंच करतात. दुसरं, ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा ९००७१९९२५४७४०९९१ पलीकडचे पूर्णांक नेमके धरून ठेवू शकत नाही, शेवटचे आकडे बदलतात. ट्विटरच्या संदेशांचे क्रमांक त्या पलीकडे जाणार म्हणून २०१० मध्ये त्यांनी क्रमांक आकड्याबरोबर मजकूर म्हणूनही द्यायला सुरुवात केली. खाते क्रमांक, व्यवहार क्रमांक यांची कुणी बेरीज करत नाही, तेव्हा ते मजकूर म्हणूनच जावेत. सुरुवातीचं शून्यही मग गळत नाही.

तारखेचं म्हणाल तर ०५/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ५ एप्रिल, अमेरिकेत ४ मे. वर्ष, महिना, दिवस, वेळ आणि शेवटी वेळेचा फरक, असा क्रम २००२ च्या आरएफसी ३३३९ नं ठरवून दिलाय. शेवटचा "+०५:३०" गाळला की नागपुरात महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री दहा वाजता केलेला व्यवहार, ती वेळ जागतिक समजणाऱ्या सर्व्हरमुळे आपल्या घड्याळात पुढच्या महिन्यात, पहाटे साडेतीनला जाऊन बसतो.

## चूक सांगायची रीत

काम झालं तर उत्तर कसं असावं, यावर लोक बैठकाच्या बैठका घालवतात. चूक झाली तर काय, हे शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी ज्याला जसं सुचेल तसं लिहिलं जातं. माझ्या मते हे बरोबर उलटं व्हायला हवं. सरळ गेलेलं काम सगळ्यांना कळतं. अडलेल्या कामातच माणसाला आधार लागतो.

यासाठीही तयार रीत आहे. मार्च २०१६ मध्ये आरएफसी ७८०७ आला, आणि जुलै २०२३ मध्ये त्याची जागा आरएफसी ९४५७ नं घेतली. चुकीबद्दल पाच गोष्टी कोणत्या नावानं सांगायच्या, हे त्यात ठरवलंय : प्रकार, शीर्षक, स्टेटस, तपशील आणि घटना. नियमातली नावं इंग्रजीत आहेत, मी मराठीत उदाहरण देतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाला जातीचा दाखला जोडायचाय आणि फाइल मोठी झाली, असं समजा. धड उत्तर असं येईल :

प्रकार : फाइल-मर्यादेबाहेर
शीर्षक : फाइल ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठी आहे
स्टेटस : ४१३
तपशील : पाठवलेली फाइल ६१२ केबी आहे, मर्यादा २५६ केबी आहे
घटना : या एका खेपेचा क्रमांक
कमाल_केबी : २५६

शेवटची ओळ पाचांत नाही. गरजेप्रमाणे अशी भर घालायची मुभा नियमातच आहे, आणि सगळ्यात जास्त उपयोग तिचाच. अ‍ॅप तो २५६ वाचून फाइल आपोआप लहान करून पुन्हा पाठवू शकतं. विद्यार्थ्याला काही कळायच्या आत काम होतं. याच ठिकाणी "अपलोड फेल्ड" एवढंच आलं असतं तर तो पोरगा सायबर कॅफेवाल्याला पैसे देऊन आला असता.

"प्रकार" ही जागा प्रोग्रामसाठी असते आणि ती कधीही बदलायची नाही. "शीर्षक" आणि "तपशील" माणसासाठी, ते कितीही बदला. हा भेद नसला की काय होतं त्याचा एक नमुना मी जवळून पाहिलाय. कंपनीचं नाव राहू द्या. त्यांचा सर्व्हर ग्राहक सापडला नाही की एक इंग्रजी वाक्य पाठवायचा, आणि त्या वाक्यात स्पेलिंगची चूक होती. अ‍ॅपवाल्यांकडे दुसरी खूणच नव्हती, म्हणून ते नेमकं ते चुकीचं वाक्य शोधायचे. सापडलं की नवीन ग्राहकाचा फॉर्म उघडायचे. एके दिवशी सर्व्हरकडच्या एका नव्या मुलीनं मोठ्या निष्ठेनं स्पेलिंग दुरुस्त केलं. त्या रात्रीपासून नवीन ग्राहकांना कोरी स्क्रीन. तिनं तर चांगलंच काम केलं होतं!

मराठीत सूचना दिसायला हव्यात, असं आपण म्हणतो. त्याचं मूळही इथंच आहे. चुकीचा प्रकार ठरलेला असेल तर त्याच्यासमोर मराठी वाक्य ठेवणं हे दुपारभराचं काम आहे. सर्व्हर दर वेळी वेगळं इंग्रजी वाक्य पाठवत असेल तर कुणी काय भाषांतर करणार?

आणखी एक. अर्जात पाच चुका असतील तर पाचही एकदम सांगा. पिनकोड चुकला म्हणून परत, तो सुधारला की मोबाइल नंबर चुकला म्हणून परत, मग फोटो. प्रत्येक खेपेला कॅप्चा नवा. हा छळ फक्त एवढ्यासाठी होतो की कुणीतरी पहिली चूक दिसताच तपासणी थांबवली.

## "इतकं सांगितलं तर चोरालाही कळेल"

रास्त शंका आहे. चूक समजावून सांगणं आणि घरचा नकाशा देणं यांत फरक आहे. बिघाड झाल्यावर आपल्या प्रोग्रामच्या फाइलींची नावं, डेटाबेसमधल्या तक्त्यांची नावं, कोणत्या ओळीवर गाडी अडली, हे सगळं उत्तरात ओतणारे सर्व्हर आजही दिसतात. ते चुकीचंच. बाहेर फक्त "आमच्याकडे बिघाड झाला, घटना क्रमांक अमुक" एवढं जावं, आणि त्या क्रमांकाखाली सगळा तपशील आत आपल्या नोंदवहीत राहावा.

कधी मुद्दाम कमी सांगावं लागतं. लॉगिन करताना "हा मोबाइल नंबर आमच्याकडे नाही" असं सांगितलं, तर कुणीही दहा हजार नंबर टाकून तुमचे ग्राहक कोण ते शोधून काढेल. म्हणून "नंबर किंवा पासवर्ड चुकीचा" एवढंच म्हणतात. प्रोग्राम साठवून ठेवायची गिटहब ही साइट तर खासगी प्रकल्प परक्यानं मागितला की ४०३ ऐवजी ४०४ देतं, कारण "परवानगी नाही" म्हटलं तरी तो प्रकल्प आहे हे कळतंच. हे ठरवून केलेलं मौन आहे. आळसातून आलेल्या मोघमपणाला त्याचा दाखला देता येत नाही.

## पैसे गेले की नाही

सगळ्यात अवघड उत्तर म्हणजे जे येतच नाही. पोहेवाला म्हणतो, "भाऊ, वाजलं नाही ना अजून." तुमच्या खात्यातून मात्र पैसे कटल्याचा मेसेज आलाय. झालं काय, तर मधल्या कुठल्यातरी सर्व्हरनं पुढच्याला विचारलं आणि ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. याला टाइमआउट म्हणतात, त्याचा एक शेरा ५०४. त्याचा अर्थ "झालं नाही" असा नसतो. "झालं की नाही ते मला ठाऊक नाही" असा असतो. जे सर्व्हर हे दोन अर्थ एकत्र करून "फेल" म्हणतात, ते माणसाला दुसऱ्यांदा पैसे पाठवायला लावतात.

बँकांना हे वेबच्या आधीपासून ठाऊक आहे. कार्डाच्या व्यवहारांसाठी आयएसओ ८५८३ हे मानक १९८७ मध्ये आलं. त्यात उत्तराला दोन आकडी कोड असतो : ०० म्हणजे मंजूर, ५१ म्हणजे खात्यात पुरेसे पैसे नाहीत, ९१ म्हणजे समोरची बँक किंवा स्विच, म्हणजे बँकांना जोडणारी मधली यंत्रणा, उत्तर देत नाही. एटीएमनं नोटा द्यायच्या की नाही, हे त्या दोन आकड्यांवर ठरतं. तिथं "काहीतरी चुकलं" म्हणून भागत नाही.

एपीआयमध्ये यावर दोन उपाय आहेत. काम घेतलंय पण संपलेलं नाही, हे सांगायला २०२ हा स्वतंत्र शेरा आहे. त्यासोबत स्थिती कुठं विचारायची त्याचा पत्ता द्यावा. दुसरा उपाय असा की अ‍ॅपनं प्रत्येक मागणीला स्वतःचा एक वेगळा क्रमांक लावायचा. आम्ही त्याला आयडेम्पोटन्सी की म्हणतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं पैसे पुन्हा कापायचे नाहीत, आधीचंच उत्तर पुन्हा द्यायचं. मग नेटवर्क गेलं म्हणून तुम्ही बटण तीनदा दाबलं तरी पैसे एकदाच जातात.

गर्दीतही हीच शिस्त कामी येते. झेपत नसेल तेव्हा सर्व्हरनं ५०३ म्हणावं. एकच अ‍ॅप फार वेळा विचारत असेल तर ४२९, हा शेरा २०१२ मध्ये आला. दोन्हींसोबत "इतक्या सेकंदांनी या" असं सांगायची सोय आहे. ती वापरली नाही की लाखभर अ‍ॅप दर सेकंदाला दार ठोठावतात आणि जेमतेम उठलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो.

## जुनी अ‍ॅप मोडतील, त्याचं काय?

मोडतील, जर सरसकट बदल केला तर. दोन वर्षं अपडेट न केलेलं अ‍ॅप कुणाच्या तरी फोनवर असतंच. म्हणून उत्तरात नवी जागा वाढवायला हरकत नाही, असलेली काढायला किंवा तिचं नाव बदलायला आहे. बदलावंच लागलं तर नवी आवृत्ती वेगळ्या पत्त्यावर चालवा आणि जुनी कधी बंद होणार ते उत्तराच्या पाकिटावरच लिहा. २०१९ च्या आरएफसी ८५९४ नं त्यासाठी जागाही ठरवून दिलीय. सोबत फोन करूनही कळवा.

नियम पाळले जातात का, हे माणसानं तपासत बसू नये. ओपनएपीआय नावाची एक पद्धत आहे. २०११ मध्ये ती स्वॅगर म्हणून सुरू झाली आणि २०१५ पासून लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या छत्राखाली आहे. कोणता प्रश्न, कोणती उत्तरं, कोणत्या चुका, हे तीत एका फाइलमध्ये लिहायचं. मग प्रोग्रामच प्रत्येक बदलाच्या वेळी खरं उत्तर त्या फाइलीशी ताडून बघतो. माझ्याकडे अशी फाइल तपासायला आली की मी आधी ४०० च्या पुढचं वाचतो. नुसता २०० लिहिलेला असेल तर बाकीचं न वाचताच परत पाठवतो. पोरं कुरकुरतात, पण दुसऱ्या खेपेला नीट आणतात.

## तुमच्या हातात काय आहे

पहिला आकडा बघायची सवय लावा. स्क्रीनवर ४ नं सुरू होणारा कोड दिसला तर आपण भरलेलं एकदा तपासा. ४२९ असेल तर रिफ्रेश दाबणं थांबवा. ५ नं सुरू होणारा असेल तर तुमच्या कागदपत्रांत दोष नाही, खिडकीवाला काहीही म्हणो.

पैशांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक लक्षात ठेवा. यूपीआयनं दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले पैसे तुमच्याकडून कटले पण तिकडे जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरलेली आहे. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो, तो अ‍ॅपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. शाखेत गेलात तर "परवा संध्याकाळी पैसे कटले" याच्या आधी तो क्रमांक सांगा. समोरच्या कर्मचाऱ्याला शोधायला तोच लागतो.